अक्काच्या आवाजाला किती जागा

डॉक्टरांनी अक्काला सांगितलं तेव्हा मी तिच्या शेजारच्या स्टुलावर बसले होते आणि माझा पाय सारखा हलत होता. अक्कानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून तो थांबवला. डॉक्टर तरुण होते, बोलायला मऊ. म्हणाले, "मावशी, गाठ स्वरयंत्रातच आहे. ते काढावंच लागेल. जीव वाचेल, पण नंतर आवाज राहणार नाही."

 अक्कानं बसलेल्या घोगऱ्या आवाजात विचारलं, "जेवता येईल का?"

"येईल. थोडे दिवस नळीनं, मग तोंडानं."

"भाकर?"

"भाकरही खाल."

"मग ठीक हाय," अक्का म्हणाली आणि पदर सावरत उठली. दाजी दाराशी उभे होते. त्यांना बाहेर आल्यावर पुन्हा सगळं सांगावं लागलं. दाजी म्हणजे अक्काचे मालक. आयुष्यभर बस चालवली, आता निवृत्त. त्यांनी ऐकलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "रिक्षा बघतो."

अक्काचा आवाज हे आमच्या घरातलं एक माणूसच होतं म्हणा. ती मुकुंदवाडीत स्टेशनच्या मागच्या गल्लीत राहते आणि तिथल्याच एका शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. खिचडी झाली की ती मैदानाच्या कडेला उभी राहून हाक मारायची. ती हाक शाळेच्या घंटेच्या वरताण होती. विहारात पौर्णिमेला वंदना तीच सुरू करणार, नामकरणाला पाळणा तीच म्हणणार, जयंतीच्या मिरवणुकीत बायकांच्या पुढं तीच. कुणी शिकवलं नाही. आई सांगायची, ही पोरगी रडायचीसुद्धा सुरात. मी तिच्याहून बारा वर्षांनी लहान, मला गाणं काही आलं नाही. मी कॉम्प्युटरकडं वळले. हर्सूलला माझा छोटा क्लास आहे. नोकरी शोधणाऱ्या मुली, दुकानात बिलिंग करायला लागलेल्या सुना, अशा येतात. दर नव्या बॅचला पहिल्या आठवड्यात मी फळ्यावर तेच लिहिते: आठ बिट म्हणजे एक बाइट, एक हजार चोवीस बाइट म्हणजे एक केबी, तितक्याच केबींची एक एमबी, तितक्याच एमबींची एक जीबी. इतक्या वर्षांत हे लिहिताना कधी हात अडखळला नव्हता.

दवाखान्यातून परत येताना रिक्षात मला एकच सुचत होतं. आवाज जायच्या आधी तो ठेवून घ्यायचा. ऑपरेशनला अजून थोडा अवकाश होता. तपासण्या, रक्त, भूल देणाऱ्या डॉक्टरांची सही. तेवढ्यात अक्काकडून सगळं गाऊन घ्यायचं. सगळी गाणी, सगळे पाळणे, वंदना, तिच्या स्वतःच्या जुळवलेल्या ओळी, सगळं. मी रिक्षातच फोन काढला आणि जागा किती आहे ते पाहिलं. जवळजवळ काही नव्हती. क्लासचे फोटो, विद्यार्थिनींनी पाठवलेले व्हिडिओ, सुप्रभातची फुलं. मी पुसायला सुरुवात केली. मुकुंदवाडी येईपर्यंत पुसत होते. अक्का म्हणाली, "काय करतेस गं एवढं अंगठा घासून?"

"तुला ठेवायला जागा करते."

"कुठं?"

"ह्यात."

तिनं फोनकडं पाहिलं आणि तोंड फिरवून बाहेर बघत बसली.

दुसऱ्या दिवशी क्लास सुटला तशी मी थेट क्रांती चौकात गेले आणि एका दुकानातून मेमरी कार्ड घेतलं. पाकिटावर मोठ्या अक्षरात एकशे अठ्ठावीस जीबी. मला धीर नव्हता, तिथंच काउंटरवर दुकानदाराच्या कॉम्प्युटरला लावून बघितलं. पडद्यावर आलं: एकशे एकोणीस.

नऊ कमी.

यात काही गूढ नाही, आणि ते मला माहीत नव्हतं असंही नाही. कार्ड बनवणारे लोक हजाराच्या पटीत मोजतात. हजार बाइटांची केबी, हजार केबींची एमबी, असं. कॉम्प्युटर मात्र प्रत्येक पायरीला एक हजार चोवीसनं भागतो आणि नाव तेच लावतो, जीबी. पहिल्या पायरीला चोविसाचाच फरक, पण वर चढत गेलं की तो फुगत जातो. आतल्या बाइट तेवढ्याच असतात. एकही कुठं गेलेली नसते. हे मी फळ्यावर आकृती काढून कितीदा समजावलं आहे, आणि दर बॅचमध्ये एक तरी मुलगी रागावून म्हणते, "मॅडम, म्हणजे फसवणूकच की." मी हसते.

त्या दिवशी मला हसू आलं नाही. मी दुकानदाराला म्हणाले, "हे एकशे अठ्ठावीस नाही."

तो दिवसभर हेच ऐकून थकल्यासारखा चेहरा करून म्हणाला, "बाजी, सब में ऐसाइच आता. कंपनी का हिसाब अलग, कम्प्यूटर का अलग."

"मला माहितीय ते."

"मालूम है तो फिर?"

त्याचं बरोबर होतं. पण माझ्या डोक्यात तोवर दुसराच हिशेब सुरू झाला होता. आवाज न दाबता, जसाच्या तसा साठवायचा तर एका मिनिटाला साधारण दहा एमबी लागतात. तासाला सहाशे. नऊ जीबी म्हणजे पंधरा तास. पंधरा तास अक्का. मला असं वाटत होतं की कुणीतरी माझ्या हातून ते पंधरा तास काढून घेतलेत, आणि मी भर चौकातल्या दुकानात भांडणाच्या पवित्र्यात उभी होते. मागं दोन गिऱ्हाईकं खोळंबली होती. शेवटी कार्ड पर्समध्ये टाकलं आणि निघाले. रिक्षात बसल्यावर स्वतःला समजावलं की एकशे एकोणीस जीबीत दोनशे तास बसतात. दोनशे तास खूप झाले. मग वाटलं, नाहीत झाले. मग पुन्हा भागाकार केला.

अक्का ओट्यापाशी लसूण सोलत होती. मी कार्ड घातलेला फोन स्टीलच्या डब्याला टेकवून उभा केला, पंखा बंद केला, बाहेरचं दार लावलं.

"आता गा."

"काय गाऊ?"

"काहीही. जे येतं ते. दोनशे तासांची जागा आहे ह्यात."

लसूण सोलता सोलता अक्काचे हात थांबले. "दोनशे तास? अगं, मी जन्मभर तरी तेवढी गायले असन का?"

"गायली असशील. गा तू."

तिनं घसा खाकरला. पाळण्याची पहिली ओळ घेतली. आवाज वर जायच्या जागी फाटला आणि नुसती हवा आली. तिनं पुन्हा घेतली, खालच्या पट्टीत. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, दाजी आतल्या खोलीतून पाण्याचा तांब्या घेऊन आले. फोनवर आकडे पुढं सरकत होते. मी ते बंद केलं. पाऊण मिनिट झालं होतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी नुसती जागाच मोजत बसले होते. जागा दोनशे तासांची होती, आणि अक्काच्या गळ्यात एक सबंध ओळ उरली नव्हती. आम्ही सगळ्यांनी त्या घोगरेपणाला सर्दी म्हटलं, मग चुलीचा धूर म्हटलं, मग वय म्हटलं. तिचा खरा आवाज तिच्यातून कधी निघून गेला ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आता ऑपरेशनमध्ये जाणार होतं ते उरलंसुरलं होतं.

"पुसून टाक ते," अक्का म्हणाली.

"राहू दे की."

"नाय. हा माझा आवाज नाय. हा ठेवलास तर उद्या लोक हाच धरून बसतील. म्हणतील, अक्का अशी गायची. पुस."

मी तिच्यासमोर ते पुसलं. तिनं वाकून बघितलं, गेलं का म्हणून, आणि पुन्हा लसूण हातात घेतला.

मग माझी धावपळ सुरू झाली. जुना आवाज कुठंतरी असणारच. एवढी लग्नं, एवढे कार्यक्रम, हल्ली तर प्रत्येकाच्या हातात फोन. मी विहारातल्या बायकांना गाठलं, चुलतभावांना फोन केले, ज्यांच्या घरी नामकरण झालं होतं त्यांच्या घरी जाऊन बसले. क्लास दोन दिवस बंद ठेवला. प्रत्येक जण म्हणायचा, "हाय की, लई हायत," आणि फोन चाळायला लागायचा. निघायचं काय? लग्नाच्या व्हिडिओत अक्का दिसते, तोंड हलतं, पण वर कुणीतरी सिनेमाचं गाणं चिकटवलेलं. मिरवणुकीच्या क्लिपमध्ये डीजे. एका भाचीच्या हळदीचा व्हिडिओ दोन जीबीचा होता. लखलखीत, अगदी साडीच्या जरीचा धागाही दिसतो. त्यात अक्का गायला तोंड उघडते आणि कॅमेरा नवरीच्या मेंदीकडं वळतो, आणि मेंदीवर नेमक्या कुणाच्या तरी मोठ्यानं गप्पा चाललेल्या. दोन जीबीत अक्काच्या वाट्याला अर्धी ओळसुद्धा नव्हती. मी तो व्हिडिओ तरीही घेतला. रात्रंदिवस माझं डोकं असंच चालत होतं. कुणी काही दिलं की आधी किती एमबी ते बघायचं, मोठं दिसलं की आशा वाटायची, उघडलं की पडायची.

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात अक्काला वॉर्डात दाखल करून घेतलं. मी डबा न्यायला मुकुंदवाडीला गेले. दाजी एकटेच घरात. मी भांडी विसळत होते आणि बडबडत होते की कुणाकडंच काही मिळत नाही, एवढ्या फोनांचा उपयोग काय. दाजी ऐकत होते. मग उठून आत गेले आणि कपाटातल्या शर्टांच्या खणातून एक जुना बटणांचा फोन घेऊन आले. झाकण रबरबँडनं बांधलेलं.

"ह्यात एक हाय," ते म्हणाले. "पण हा आता उठत नाय."

"काय आहे?"

दाजींना सांगताना अवघडल्यासारखं झालं. म्हणाले, "मुक्कामी गाडी असायची ना. परभणी, नांदेड. डेपोत झोपावं लागायचं. तवा ऐकायचो." आपल्या गल्लीतल्या एका नामकरणात त्यांनी ते गपचूप भरून घेतलं होतं. फोन खिशात होता. अक्कालाही सांगितलं नव्हतं.

फोनची बॅटरी फुगून झाकण उचललं गेलं होतं. स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक मोबाइल दुरुस्तीची टपरी आहे, तिथं आम्ही दोघं गेलो. त्यानं बॅटरी काढून बाजूला ठेवली, दोन वायरी थेट आत जोडल्या आणि थोड्या खटपटीनं पडदा उजळला. दाजींना कुठलं बटण कितीदा दाबायचं ते पाठ होतं. यादीत एकच फाइल होती. मी घाईघाईनं ती ब्लूटूथनं माझ्या फोनवर घ्यायला लावली. पट्टी पुढं सरकायला लागली न लागली तोच पूर्ण झाली. मला वाटलं, बिघडली.

फाइल होती तीनशे सत्तर केबी.

केबी. आजकाल फळ्यावर सोडून ते अक्षर मी कुठं वाचतच नव्हते. एका सुप्रभातच्या फुलाला याहून जास्त जागा लागते. मी ती तिथंच लावली. आणि चार मिनिटं, थोडी वरच, अक्का गायली. टपरीवर, रिक्षांच्या आवाजात, सबंध पाळणा, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. जुन्या फोनला बोलण्यापुरताच आवाज कळायचा, बाकीचं तो गाळून टाकायचा. त्यामुळं ढोलकी डब्यात वाजल्यासारखी, टाळ्या वाळूसारख्या, वरचे सूर घासलेले. पण ती वर जायची जागा, जिथं परवा नुसती हवा आली होती, तिथं ती गेली आणि थांबली आणि सावकाश उतरली. टपरीवाला स्क्रूड्रायव्हर हातात धरून ऐकत होता. कोण आहेत म्हणून त्यानं विचारलं. दाजी म्हणाले, "घरातल्याच."

मग त्यांनी मला हळूच विचारलं, "आता हे तुझ्या फोनात गेलं म्हणजे ह्यातलं संपलं का?"

"नाही दाजी. ह्यातही आहे, त्यातही आहे."

"पूर्ण?"

"दोन्हीकडं पूर्ण."

त्यांचा विश्वास बसला नाही. वायरी काढायच्या आधी त्यांनी जुन्या फोनवर सुरुवातीचं थोडं लावून बघितलं, आणि मगच खिशात ठेवला. दवाखान्याकडं जाताना रिक्षात माझं मन आपसूक भागाकार करत होतं: माझ्या त्या कार्डात हा पाळणा तीन लाखांहून जास्त वेळा मावला असता. मला त्या आकड्याचं काय करावं कळेना.

वॉर्डात अक्का खाटेवर मांडी घालून बसली होती. मी तिच्या कानात इअरफोन घातले आणि काही न सांगता लावलं. मला वाटलं होतं ती रडेल. मी रुमाल काढून ठेवला होता. अक्कानं डोळे बारीक केले. मांडीवर बोट आपटायला लागली. मध्येच भुवया उडवल्या. संपल्यावर इअरफोन काढून म्हणाली, "ढोलकीवाला मागं पडतोय बघ. मला ओढत न्यावं लागलंय त्याला."

"अक्का!"

"खरं तेच सांगते. अन् हे भरलं कुणी?"

मी दाजींकडं पाहिलं. दाजी खिडकीबाहेर बघत होते. अक्कानं त्यांच्याकडं असं काही पाहिलं की मी डबा उघडायच्या निमित्तानं खाली वाकले. तिनं त्यांना एवढंच विचारलं, "मला सांगायचं नाय व्हय?" दाजी म्हणाले, "सांगितलं असतं तर तू पुन्हा चांगलं गाते म्हणाली असतीस."

थोड्या वेळानं अक्का मला म्हणाली, "लाव तुझं ते. गाणार नाय. बोलते."

मी फोन उशीवर ठेवला. ती बोलली ते असं ठेवून घ्यावं असं काही नव्हतं. दाजींना बीपीची गोळी सकाळची कुठली, संध्याकाळची कुठली. दळणात ज्वारीला थोडी उडदाची डाळ टाकायची. मला म्हणाली, "तू उभ्यानं जेवतेस. बसून जेवत जा. अन् पाय हलवू नको सारखा." मग म्हणाली, "अजून काय?" आणि एकाएकी मान वर करून, उरल्यासुरल्या आवाजात, शाळेच्या मैदानावर मारायची तशी हाक मारली: "ए पोरांनो, ताटल्या घ्या रे!"

आवाज मध्येच तुटला, पण वॉर्डातल्या सगळ्या माना वळल्या. सिस्टर आत आल्या, म्हणाल्या, "मावशी, काय चाललंय? घशाला त्रास द्यायचा नाही सांगितलंय ना?" अक्का ठसकत, हसत होती. शेजारच्या खाटेवरची म्हातारीही हसत होती, का ते तिला माहीत नसताना. मी रेकॉर्डिंग बंद केलं. सगळं मिळून सात मिनिटं. सत्तर एमबी.

ऑपरेशन नीट झालं. गळ्याला समोर एक छिद्र आलं, श्वास तिथून. अक्का घरी आली, नळी निघाली, वरण-भात झाला, आणि एके दिवशी तिनं दुधात कुस्करलेली भाकर खाल्ली. बोलणं पाटीवर. पाटी दाजींनी आणली होती, लहान पोरांची, कडेला मणी असलेली. अक्का शाळा चौथीपर्यंत शिकलेली, लिहायला वेळ लागायचा, आणि तिला बोलायला कधीच वेळ लागलेला नव्हता. अर्धा शब्द लिहायची आणि चिडून पुसायची. आम्ही अंदाज करायचो. अंदाज चुकला की पाटी आपटायची.

मी माझ्या परीनं गुंतून राहिले. पाळण्याची फाइल आणि ती सात मिनिटं कार्डावर होती, ती मी कॉम्प्युटरवर घेतली, मग पेनड्राइव्हवर, मग वेगळ्या डिस्कवर. प्रत्येक वेळी दोन्हीकडची फाइल उघडून बाइटचे आकडे जुळवायचे. केबी, एमबीत नाही. त्यात पुढचे आकडे कापले जातात. सबंध आकडा, शेवटच्या बाइटपर्यंत. जुळायचा. चार दिवसांनी मला पुन्हा वाटायचं की कार्ड खराब झालं असेल, डिस्क पडली असेल, आणि मी क्लासमध्ये मुली टाइप करत असताना मागच्या मशीनवर बसून पुन्हा जुळवायची. फाइल मात्र एकदाही लावली नाही. फक्त आकडा बघून खिडकी बंद करायची.

दाजी मात्र ऐकायचे. मी त्यांच्या फोनवर दोन्ही टाकून दिलं होतं. एका दुपारी मी तिथंच होते, अक्का मोरीत तोंड धूत होती, आणि दाजींना वाटलं फोनचा आवाज बारीक आहे, तिला ऐकू जाणार नाही. त्यांनी हाकेचा तो तुकडा लावला. ए पोरांनो, ताटल्या घ्या रे. मोरीतलं पाणी थांबलं. अक्का ओल्या हातानं बाहेर आली. गळ्याच्या छिद्रातून श्वासाचा नुसता फुसफुस आवाज येत होता. तिनं ओट्यावरचं उलथनं उचललं आणि भिंतीवर फेकून मारलं. मग पाटी घेतली. अक्षरं मोठी आली.

*मी मेले नाय.*

दाजींनी फोन बंद केला.  उलथनं मी उचलून धुऊन जागेवर ठेवलं. त्यानंतर त्या घरात ते रेकॉर्डिंग मोठ्यानं कधी लागलं नाही. दाजी संध्याकाळी फिरायला म्हणून निघतात, मुकुंदवाडी स्टेशनच्या फलाटावर शेवटच्या बाकावर बसतात आणि कानात घालून ऐकतात. अक्काला हे माहीत आहे. ती त्यांना जाताना स्वेटर हातात देते.

पुढं दवाखान्यातून अक्काला एक छोटं यंत्र मिळालं. टॉर्चएवढं. हनुवटीखाली गळ्याला टेकवून ओठ हलवले की त्यातून आवाज निघतो. सपाट, करकरीत, भुंग्यानं बोलावं तसा. पहिल्यांदा तिनं ते लावून काय बोलावं? आम्ही सगळे वाट बघत होतो. ती म्हणाली, "चहा. कर." मी चहा केला. आता तिला त्याची सवय झाली आहे. भाजीवाल्याशी घासाघीस करते. गल्लीतली पोरं घाबरायची, आता मुद्दाम बोलायला लावतात. विहारात पौर्णिमेला ती जाते, मागं बसते. वंदना दुसरी एक बाई सुरू करते. ती चुकीच्या पट्टीत धरते असं अक्काचं म्हणणं आहे, यंत्रावर सांगते, सगळ्यांसमोर.

गेल्या तपासणीला आम्ही दोघी दवाखान्याच्या बाकावर नंबर यायची वाट बघत होतो. शेजारी एक जोडपं बसलं होतं, वैजापूरकडचं, शेतीवाले वाटत होते. नवऱ्याच्या गळ्याला मफलर. बायको अक्काच्या गळ्याकडं बघत होती, मग न राहवून तिनं मला विचारलं, "यांचं तेच ऑपरेशन झालंय का? आमचं पुढच्या सोमवारी हाय."

अक्कानं यंत्र लावून स्वतःच उत्तर दिलं. ती बाई आधी दचकली, मग सरकून जवळ आली. खाणं कसं, झोप कशी, आंघोळ कशी, पाणी आत जातं का. अक्का एकेकाचं सांगत होती. नवरा जमिनीकडं बघत होता. बाईनं मला हळूच विचारलं, "यांचा आवाज तुम्ही ठेवलाय का भरून?"

मला तिला खूप काही सांगायचं होतं. मी म्हणाले, "आहे थोडा. तुम्ही पण ठेवा. आजच ठेवा. कुठल्याही फोनवर चालतं."

"लई जागा लागती का?"

"नाही हो," मी म्हणाले. "अगदी थोडी लागते."

तिनं पिशवीतून फोन काढला, मी लावून दिला आणि तिनं तो नवऱ्याच्या तोंडापुढं धरला. "बोला."

"काय बोलू?"

"काय पण बोला."

त्यानं खाकरून घसा मोकळा केला.  मग म्हणाला, "धाकट्याला सांग, म्हशीला पाणी दाखव म्हणावं. अन् मोटर चालू ठेवून कुठं जाऊ नको."

बाई वैतागली. "अहो, हे काय बोलायचं झालं? पुसा हो ताई हे. कायतरी चांगलं बोला."

मी फोन घ्यायला हात पुढं केला. अक्कानं माझं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं यंत्र गळ्याला लावलं आणि त्या बाईला म्हणाली, "राहू दे. बोलू दे त्याला."

तो पुन्हा मोटरीचं सांगायला लागला. कोणतं बटण आधी दाबायचं, पट्टा सैल आहे, फाटा कुठं फुटतो, पाणी कुठल्या वाफ्यात आधी सोडायचं. बायको फोन धरून बसली होती. आतून आमचा नंबर पुकारला. आम्ही उठलो तरी तो बोलतच होता.